सिएटलहून याकिमाच्या माळावर: मध्यम श्रेणीच्या वर्तुळाकार ट्रेकची आखणी

पायवाट

मेच्या पहिल्या आठवड्यात सिएटल परिसरातली आम्ही काही मराठी कुटुंबे कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेकडील डोंगराळ माळरानावर एक दिवसाचा ट्रेक करणार आहोत. त्याच्या आखणीसाठी तिकडे फिरलेल्या सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे. आमच्या बाजूच्या उंच वाटा त्या सुमारास बर्फाखाली असतात आणि खालच्या वाटांवर झाडी इतकी दाट असते की माथ्यावर पोहोचेपर्यंत आपण कुठल्या डोंगरावर आहोत हेही दिसत नाही. माळावर मात्र सोंड, घळ, धार सगळे उघडे असते आणि चालणाऱ्याला पुढचे दोन तास डोळ्यांसमोर दिसतात. मुलांना नकाशा वाचायला शिकवण्यासाठी त्याहून चांगली जागा मला सुचत नाही.

दोन जागा विचारात आहेत. पहिली एलेन्सबर्ग आणि याकिमा यांच्यामधल्या नदीच्या खोऱ्यातला उमटॅनमचा परिसर. तिथे झुलत्या पुलावरून याकिमा नदी ओलांडायची, रेल्वेमार्गाखालून पलीकडे जायचे आणि मग ओढ्याच्या काठाने आत शिरायचे किंवा थेट धारेवर चढायचे. दुसरी जागा याकिमाच्या पश्चिमेस, कौविची गावाजवळची स्नो माउंटन रँच. कौविची कॅन्यन कॉन्झर्व्हन्सी ही संस्था ती सांभाळते. तिथे ओढा ओलांडून कौविची माउंटनच्या माथ्यावर जाता येते आणि दुसऱ्या वाटेने उतरता येते. वळसा साधारण सहा मैलांचा, म्हणजे दहा किलोमीटरच्या आसपास, आणि चढ सुमारे बाराशे फूट.

आमच्यात आठ ते चौदा वर्षांची मुले आहेत आणि साठी ओलांडलेली तीन मंडळी आहेत. सगळे चालणारे आहेत. आतकरवाडीहून सिंहगड चढलेल्यांना बाराशे फूट जड जाऊ नयेत असे माझे मत आहे. तरीही प्रश्न असे: यातली कोणती जागा निवडावी, वळसा कोणत्या दिशेने घालावा, वेळेचा हिशेब कसा मांडावा आणि अशा गटाला वर्तुळाकार वाट योग्य आहे का?

रानजाई

कौविची निवडावे. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या पूर्वार्धापर्यंत त्या उतारांवर बाल्समरूट फुलते. पिवळीधमक, तळहाताएवढी फुले आणि बाणाच्या टोकासारखी रुपेरी पाने असा त्याचा थाट असतो. त्यातच निळी-जांभळी ल्युपिन असते, आणि हवा स्वच्छ असली तर माथ्यावरून रेनियर आणि अॅडम्स ही दोन्ही हिमशिखरे दिसतात. मुलांसाठी सेजब्रशचे एखादे पान चुरगळून हुंगणे हाही एक पाठ आहे, कारण ते झुडूप आपल्या दवण्याच्या कुळातले, आर्टेमिसियाच आहे. जोतिबाला दवणा वाहिलेल्या कोणालाही तो वास परका वाटणार नाही.

कातळवाट

सिंहगडाचा दाखला इथे लागू पडत नाही, एवढे आधी नोंदवतो. आतकरवाडीच्या वाटेवर टप्प्याटप्प्यावर ताक, लिंबूसरबत आणि बसायला सावली मिळते. या माळावर ओढा सोडला की दहा किलोमीटरमध्ये टेकायलाही झाड नाही. 'मध्यम' हा शिक्का अंतर आणि चढ पाहून मारलेला असतो, ऊन आणि वारा त्यात धरलेला नसतो.

दुसरा मुद्दा वर्तुळाचा. मिश्र गटाला मी नेहमी आल्या वाटेने परत येणारा ट्रेक सुचवतो, कारण त्यात कोणालाही कुठेही थांबून मागे फिरता येते आणि मागे फिरणाऱ्याला वाट ओळखीची असते. वर्तुळात एक ठिकाण असे येते की तिथून पुढे जाणे आणि मागे फिरणे दोन्ही सारखेच लांब पडते. एखाद्याचा घोटा नेमका तिथे मुरगळला, तर वाट सोपी असूनही गट अडकतो. मुलांची चाल आणि ज्येष्ठांची चाल वेगळी असते. वर्तुळात त्यांच्यातले अंतर वाढत जाते आणि पुढच्यांना मागचे कुठे आहेत हे कळत नाही.

टिपकागद

कातळवाट यांचा मुद्दा रास्त आहे, परंतु त्यावरचा उपाय वर्तुळ सोडणे हा नसून वर्तुळातला निर्णयाचा बिंदू आधीच ठरवणे हा आहे. नकाशावर वळशाचे तीन भाग पाडावेत: ओढा आणि सपाटी, चढ, आणि माथ्याची धार उतारासह. चढ संपून धार सुरू होते तिथे निर्णय घ्यायचा. त्या ठिकाणी ठरलेल्या वेळेपर्यंत शेवटचा माणूस पोहोचला नाही, तर सर्वांनी आल्या वाटेने उतरायचे. वेळ घरी बसून ठरवावी. वर पोहोचल्यावर ठरवली तर माथ्याचा मोह जिंकतो.

वेळेच्या हिशेबासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेले सूत्र अजूनही उपयोगी आहे: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. सहा मैलांचे दोन तास आणि बाराशे फुटांची छत्तीस मिनिटे, म्हणजे थांबे न धरता दोन तास छत्तीस मिनिटे. हा हिशेब धडधाकट आणि अखंड चालणाऱ्या माणसाचा आहे. मुले आणि ज्येष्ठ यांच्यासाठी त्याची दीडपट करावी, म्हणजे जवळपास चार तास होतात. त्यात डबा, फुले आणि छायाचित्रे यांचा एक तास मिळवला की पाच. सकाळी आठला चालायला लागलात तर एकपर्यंत गाडीपाशी याल. मेच्या सुरुवातीला तिथे सूर्य सहाच्या आधी उगवतो आणि आठनंतर मावळतो, त्यामुळे अंधाराची चिंता नाही. पण उजेड भरपूर आहे म्हणून निवांत निघण्याची चैन करू नये. दुपार टाळणे हाच लवकर निघण्यामागचा हेतू आहे.

माणदेशी

टिपकागद यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. माझे बालपण दहिवडीजवळच्या माळावर गेले आणि याकिमाच्या टेकड्या पाहताच मला तिथला भूगोल कळला. महाबळेश्वराला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास; तीच पर्जन्यछाया इथे कॅस्केडने धरली आहे. सिएटलला वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि याकिमाला जेमतेम दोनशे.

याचा आखणीशी थेट संबंध आहे. सिएटलमध्ये पाऊस लागला म्हणून पूर्वेकडचा ट्रेक रद्द करू नये. स्नोक्वाल्मी घाट उतरून क्ले एलमच्या पुढे गेले की आकाश मोकळे झालेले पुष्कळदा दिसते. उलट सिएटलला अल्हाददायक ढगाळ हवा असते तेव्हा तिथे ऊन चटका देत असू शकते. हवामानाचा अंदाज फोनवरच्या शहराच्या नावाने न पाहता नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर नकाशातल्या त्या डोंगरावर टिचकी मारून पाहावा. याकिमा आणि किटिटास या दोन्ही काउंटींचा अंदाज त्यांचे पेंडल्टनचे कार्यालय देते, सिएटलचे नाही.

पूर्वरंग

दिशेबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो.

या मुलखात वारा प्रामुख्याने पश्चिम आणि वायव्येकडून येतो. एलेन्सबर्गचा वसंतातला वारा तर प्रसिद्ध आहे; त्या गावाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. दुपारनंतर तो वाढतो. त्यामुळे धारेचा जो भाग पूर्व-पश्चिम जातो, तो सकाळी पश्चिमेकडे तोंड करून चालावा आणि परतीचा भाग पूर्वेकडे. सकाळी वारा कमी असताना तो समोरून येतो, दुपारी वाढतो तेव्हा पाठीशी असतो. सूर्याचेही तसेच आहे: सकाळी पूर्वेचा सूर्य पाठीवर आणि दुपारी कललेला सूर्यही पाठीवर राहतो. डोळ्यांवर ऊन आणि तोंडावर वारा घेऊन शेवटचा तास चालणे लहान मुलांना फार त्रासाचे होते, आणि त्याच तासात गटातली भांडणे होतात.

कातळवाट

पूर्वरंग, वाऱ्याचा विचार पटतो, पण मी आधी गुडघ्यांचा करीन. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा, ज्या बाजूला दाट आहेत त्या बाजूने चढावे आणि ज्या बाजूला विरळ आहेत तिथून उतरावे. बेसॉल्टच्या माळावर उतारावरचा घसारा हा या ट्रेकचा खरा धोका आहे. वाटेवर गोट्यांएवढे सुटे दगड कोरड्या मातीवर पसरलेले असतात आणि चढताना न जाणवलेली ती वाट उतरताना पाय धरू देत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला वाऱ्याने थकवा येईल, घसाऱ्याने इजा होईल. या दोहोंत निवड करायची तर मी वारा तोंडावर घेईन. ज्येष्ठांना दोन काठ्या द्याव्यात आणि उतारावर त्यांची लांबी थोडी वाढवावी.

पूर्वरंग

ज्येष्ठ ज्या गटात आहेत त्या गटापुरते मान्य. तरुण गटासाठी माझे मत कायम आहे.

भूस्तर

कातळवाट यांनी घसाऱ्याचा विषय काढला, म्हणून थोडे खडकाबद्दल. आपला सह्याद्री आणि याकिमाच्या टेकड्या दोन्ही लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाल्या. दख्खनचे बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहे, तर कोलंबिया नदीच्या खोऱ्यातले सुमारे १ कोटी ७० लाख ते ६० लाख वर्षांपूर्वीचे. इथे थरांना नंतर घड्या पडल्या आणि लांबच लांब धारा वर उचलल्या गेल्या. उमटॅनमची धार त्यांपैकीच एक. याकिमा नदी त्या उंचावण्याआधीपासून वाहत होती. धारा हळूहळू वर येत असताना ती आपल्या वळणांसह त्यांना कापत राहिली, म्हणून आज ती डोंगराला वळसा न घालता नागमोडी वळणांनी त्याच्या आरपार जाते. मुलांना पुलावर उभे करून हे दाखवता येते.

चालणाऱ्यासाठी यातून तीन गोष्टी निघतात. धारेच्या माथ्यावर माती वीतभरही नसते, त्यामुळे तिथे वाट पुसट होते आणि दगडांच्या राशी पाहत जावे लागते. कड्यांच्या पायथ्याशी खांबांसारख्या खडकांचे तुकडे साचलेले असतात. त्यावर चढाचढी करू देऊ नये, एक तर ते हलतात आणि दुसरे म्हणजे त्यांच्या फटींत साप असतात. तिसरी गोष्ट, पाणी लगेच झिरपते किंवा वाहून जाते, म्हणून नकाशावर निळी तुटक रेघ दिसली तरी मे महिन्यात तिथे पाणी असेलच असे धरू नये.

सोनसळी

सापांचा उल्लेख आला म्हणून विचारते. रॅटलस्नेक खरोखर दिसतात का? आमच्या घरातून एवढ्या एका कारणाने नकार येत आहे.

नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

होय, असतात. वॉशिंग्टन राज्यात माणसाला घातक असा विषारी साप एकच, वेस्टर्न रॅटलस्नेक, आणि तो कॅस्केडच्या पूर्वेकडे आढळतो. एप्रिलपासून तो हिवाळी बिळांतून बाहेर येतो आणि उन्हाकडे तोंड केलेल्या दगडांच्या राशींवर पडलेला असतो. तो माणसाच्या मागे लागत नाही. वाटेवर चालणे, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे हात-पाय न घालणे, दगडावर बसण्याआधी त्याच्या मागे पाहणे आणि मुलांना कानांत संगीताचे बोंडके घालू न देणे एवढे पाळले की धोका फार कमी राहतो. खुळखुळाट ऐकू आला तर जागीच थांबावे, आवाज कुठून येतो ते पाहावे आणि मग मागे सरावे. दंश झालाच तर अंगठ्या, घड्याळ काढावे, तो अवयव हलू देऊ नये, ९११ ला कळवावे आणि माणसाला रुग्णालयात पोहोचवावे. चीर देणे, चोखणे, आवळून बांधणे, बर्फ लावणे यांपैकी काहीही करू नये.

मला अधिक काळजी गोचिडांची वाटते. साप क्वचित भेटतो, गोचीड मात्र मार्च ते जून या काळात सेजब्रशच्या आणि उंच गवताच्या टोकांवर वाट पाहत असते. तिथली मुख्य जात रॉकी माउंटन वुड टिक. तिच्यापासून रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर, कोलोरॅडो टिक फीव्हर यांसारखे आजार होऊ शकतात, आणि क्वचित लहान मुलांमध्ये गोचीड चिकटून राहिल्याने पायांपासून वर चढत जाणारा लुळेपणा येतो. ती काढली की तो सहसा ओसरतो. म्हणून मुलींचे केस आणि मानेमागचा भाग विशेष काळजीने तपासावा.

फिकट रंगाची लांब विजार घालून ती मोज्यांत खोचावी. डीट किंवा पिकॅरिडिन असलेले औषध त्वचेवर लावावे. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारणार असाल तर आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळू द्यावे, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्या जवळ ठेवू नयेत, कारण ते मांजरांना घातक आहे. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश वर ओढावी. रॉकेल, तेल, पेटती काडी हे गावाकडचे उपाय करू नयेत. पुढच्या दोन आठवड्यांत ताप किंवा पुरळ आले तर डॉक्टरांना माळावर गेल्याचे आवर्जून सांगावे.

सोनसळी

मनःपूर्वक आभार, नाडीपरीक्षा. हा प्रतिसाद घरी सर्वांना वाचून दाखवला. आम्ही येत आहोत.

माणदेशी

कुसळांचाही बंदोबस्त करा. चीटग्रास नावाचे बाहेरून आलेले गवत तिथे सर्वत्र आहे आणि मे सरता सरता वाळून त्याची कुसळे मोज्यांत रुततात. जाळीच्या बुटांतून ती सहज आत जातात. कुत्रा नेणार असाल तर त्याचे पंजे आणि कान तपासावे लागतात. कुत्र्यांविषयीचे नियमही प्रत्येक जागेवर वेगळे आहेत, ते आधी वाचून घ्यावेत.

पुलाखालून

उमटॅनमच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, म्हणून मी लिहितो. कौविची सुंदर आहेच, परंतु पायवाट यांनी उमटॅनम एवढ्यात बाद करू नये. ओढ्याच्या काठची वाट कॉटनवुड आणि अॅस्पेनच्या सावलीतून जाते, बीव्हरने अडवलेली डबकी लागतात आणि वरच्या कड्यांवर बिगहॉर्न मेंढ्या दिसण्याची शक्यता चांगली असते. चढ नावापुरता आहे. कातळवाट म्हणतात तसा आल्या वाटेने परतण्याचा सोयीस्कर ट्रेक ज्येष्ठांना हवा असेल तर तो हाच. धारेवरची वाट मात्र वेगळी: तिथे दोन हजार फुटांहून अधिक चढ आहे आणि तो अंगावर येणारा आहे, त्याला मी मध्यम म्हणणार नाही.

पूल ओलांडल्यावर रुळांवरून चालण्याचा मोह मुलांना होतो. तो मार्ग चालू आहे, मालगाड्या येतात. तसेच आतली बरीचशी जमीन राज्याच्या वन्यजीव खात्याची, एल. टी. मरे वन्यजीव क्षेत्राची आहे. तिथे शिकारीला परवानगी असते आणि १५ एप्रिल ते ३१ मे हा टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. भडक नारिंगी टोप्या घालाव्यात; लाल, निळे आणि पांढरे कपडे टाळावेत, कारण नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच आहेत.

टिपकागद

पुलाखालून यांची माहिती उपयुक्त आहे, परंतु मूळ प्रश्न वर्तुळाचा होता आणि पायवाट यांना मुलांना नकाशा शिकवायचा आहे. ओढ्याच्या काठाने जाताना नकाशाची गरज पडत नाही, पाण्याचा आवाज पुरतो. कौविचीला ओढा, सपाटी, सोंड, धार आणि पुन्हा सपाटी असे सगळे क्रमाने येते. मुलांच्या हातात कागदी नकाशा द्यावा, दर वळणावर थांबून आपण कुठल्या समोच्च रेषेवर आहोत ते त्यांना सांगायला लावावे. फोनवरचा नकाशा आधी उतरवून ठेवावा आणि फोन विमान-अवस्थेत ठेवावा, म्हणजे बॅटरी टिकते.

रानजाई

वाट सोडू नये याचे कारणही मुलांना सांगावे. सेजब्रशच्या मधली जमीन मोकळी दिसते, पण ती रिकामी नसते. शैवाले, दगडफुले आणि जीवाणू यांची काळपट, खडबडीत पापुद्र्यासारखी जिवंत साल तिच्यावर असते. ती माती धरून ठेवते आणि चीटग्रासला शिरू देत नाही. पाऊल पडले की ती मोडते आणि भरून यायला वर्षानुवर्षे, काही ठिकाणी दशके लागतात. मोठ्या गटाने सतरंजी पसरून डबा खाण्याची आपली सवय इथे आवरावी; वाटेवरच रांगेत, किंवा उघड्या खडकावर बसावे.

बिटररूट दिसले तर तेही उपटू नये. पानांविना जमिनीलगत उमलणारे ते गुलाबी फूल याकामा या इथल्या मूळनिवासी लोकांचे अन्न आहे. हा सगळा मुलूख त्यांचा होता, आणि १८५५ च्या तहात जमीन सोडताना त्यांनी कंदमुळे गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. आपण तिथे पाहुणे आहोत.

मुक्काम_रिचलंड

ज्यांना याकिमापर्यंत जाऊन आणखी पुढे येता येईल त्यांच्यासाठी आमच्या रिचलंडचा बॅजर माउंटन सुचवतो. माथा १,५७९ फुटांवर आहे, आणि एका वाटेने चढून दुसरीने उतरण्याचा छोटा वळसा घेतला तरी माळाचा अनुभव येतो. माथ्यावर मनोरे आहेत आणि शनिवार-रविवारी गर्दी असते, हे खरे. परंतु ज्येष्ठांची चाचणी घ्यायची असेल तर गर्दीचीच वाट बरी.

कातळवाट

चाचणीची कल्पना चांगली आहे, पण त्यासाठी रिचलंड लांब पडेल. घराजवळच्या कुठल्याही टेकडीवर पाठीवर ओझे घेऊन दोन शनिवार चालले तरी पुरे.

पाण्याचा हिशेब राहिला. ताशी अर्धा लिटर धरावा. पाच तासांचे अडीच, वर अर्धा राखीव, म्हणजे प्रौढ माणशी तीन लिटर. याकिमात मेच्या सुरुवातीला दुपारचे सरासरी कमाल तापमान एकवीस-बावीस अंश असते, त्यामुळे हे पुरते. त्या दिवशी अंदाज तीस अंशांच्या वर असेल तर प्रमाण वाढवावे किंवा माथा सोडून द्यावा. ओढ्याचे पाणी गाळून-शुद्ध करूनच प्यावे. त्याच्या भरवशावर निघू नये. नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा कोकम बरोबर असावे, आणि दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या उन्हात पावापेक्षा चांगल्या टिकतात.

भूस्तर

वणव्याचेही लक्षात ठेवा. २०२० च्या इव्हान्स कॅन्यन वणव्यात याकिमा आणि किटिटास काउंटींतला ७५,००० एकरांहून अधिक मुलूख जळाला, उमटॅनमचा भागही त्यात होता. बाल्समरूटची मुळे खोल असल्याने ते पुन्हा फुटते, मोठे सेजब्रश मुळातून फुटत नाही, त्याला बियांपासूनच यावे लागते. म्हणून काही उतारांवर फुले आहेत आणि झुडपे नाहीत असे चित्र दिसेल. गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये. गाडीखालच्या धूर सोडणाऱ्या तापलेल्या नळीने आग लागते. आखून दिलेल्या जागेतच लावावी.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेतून आमचे पुढीलप्रमाणे ठरले आहे.

कौविची नक्की केले. गट दोन राहतील. ज्येष्ठ आणि ज्यांना माथ्यावर जायचे नाही असे सर्व पहिल्या गटात; ते ओढा आणि खालच्या सपाटीवरच्या वाटांचा छोटा वळसा घेतील. दुसरा गट माथ्याचा वळसा पूर्ण करील. कातळवाट यांच्या म्हणण्याप्रमाणे दाट रेषांच्या बाजूने चढू. पूर्वरंग यांचा वाऱ्याचा मुद्दा आम्ही धारेवरच्या थांब्यासाठी वापरू: डबा माथ्यावर उघडायचा नाही, धारेच्या आडोशाच्या बाजूला थोडे खाली येऊन, उघड्या खडकावर बसून खायचा. निर्णयाची वेळ सकाळी साडेदहा. त्या वेळेपर्यंत शेवटचा माणूस धारेवर आला नाही तर सर्वजण आल्या वाटेने उतरतील, हे मुलांनाही सांगितले आहे. आदल्या रात्री याकिमात मुक्काम करणार आहोत, त्यामुळे पहाटे घाट ओलांडण्याची घाई राहणार नाही.

एक शंका उरते. दोन गट एकमेकांना दिसत नसताना फोनला संपर्क मिळाला नाही तर काय करावे?

टिपकागद

संपर्क मिळणार नाही असेच धरून चाला. दोन्ही गटांकडे एकच नकाशा असावा आणि त्यावर दोन्ही वाटा रंगवलेल्या असाव्यात. खालच्या गटाने साडेबाराला गाड्यांपाशी परत यावे. वरचा गट दीडपर्यंत आला नाही तर कोणीही एकट्याने त्यांना शोधायला वर जाऊ नये. खालच्या गटातल्या दोघांनी गाडीने जिथे फोन लागतो तिथे जावे, अडीचपर्यंत पाहून मग ९११ ला कळवावे आणि नकाशावरची वाट वाचून दाखवावी. बाकीच्यांनी गाड्यांपाशी थांबावे. हे वेळापत्रक एका कागदावर लिहून दोन्ही गटांच्या सॅकमध्ये ठेवा, आणि सिएटलमध्ये मागे राहणाऱ्या एका माणसाकडे तिसरी प्रत द्या. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असू द्या. तीन वेळा वाजवणे म्हणजे मदत हवी, हे निघण्यापूर्वी गाडीतळावर एकदा करून दाखवा.

नाडीपरीक्षा

शिट्ट्या वाजवून झाल्या की त्याच वेळी औषध लावून घ्या. आणि परत आल्यावर, गाडीत बसण्याआधी, गोचिडांसाठी तिथेच पहिली तपासणी करा. दुसरी मुक्कामी अंघोळीच्या वेळी. कपडे घरी आल्यावर थेट ड्रायरमध्ये जास्त तापमानावर दहा मिनिटे फिरवावेत. धुवायचे ते त्यानंतर.